पत्त्यांचा बंगला आणि काकांची तार

माझ्या घरातून खालच्या मजल्यावर गेलेला करंडक पितळेचा आहे. त्याचा एक कान तुटलेला आहे, बूड एका बाजूला बसलं आहे, आणि भंगारात द्यायला नेला तर भंगारवाला आधी आपल्याकडे दयेने बघेल. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मी वस्तूच्या लोभापायी एवढं सगळं केलं. मी जे केलं ते तत्त्वासाठी केलं. निदान सभेत तरी मी तसंच सांगितलं होतं.

आमच्या इमारतीत दर वर्षी पत्त्यांचे बंगले बांधण्याची स्पर्धा होते. जिन्याखालच्या हॉलमध्ये टेबलं मांडतात, पंखे बंद करतात, खिडक्या लावून घेतात, आणि दुसरी घंटा होईल तेव्हा ज्याचा बंगला सर्वांत उंच उभा असेल तो जिंकतो. पत्ता दुमडायचा नाही, ओला करायचा नाही, शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. परक्या माणसाला हे पोरकट वाटतं. पण पाणी, पार्किंग आणि गच्चीची किल्ली या विषयांवर जिथे आजवर कुणीच जिंकलेलं नाही, तिथे जिंकता येण्याजोगी ही एकच गोष्ट आहे. त्यामुळे लोक ती फार मनावर घेतात.

गेली काही वर्षं ती मी जिंकत होते. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे आणि वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. औषधवाल्यांचे, सोनारांचे काटे आमच्याकडे येतात. आमच्याकडे काचेच्या झाकणाखाली एक प्रमाण वजन ठेवलेलं असतं. ते चिमट्याने उचलून काट्यावर ठेवायचं आणि काटा खोटं बोलत असेल तर त्याला खऱ्यावर आणायचं. त्या वजनाला बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या घामानेसुद्धा ते जड होतं. दिवसभर असलं काम केलेल्या माणसाला पत्त्यावर पत्ता तोलणं म्हणजे विरंगुळा. शिवाय मी स्पर्धेचे पत्ते आधी बरेच दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते, म्हणजे त्यातला ओलावा निघून जातो. हे मी आजवर आईलाही सांगितलं नव्हतं. डब्यात पत्ते सापडले की तिला वाटायचं, मी नुसता पोरखेळ करते आहे.

मग खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी या वर्षी नाव दिलं.

हे काका घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवायचे. बंगला बांधायला मला त्यांनीच शिकवलं. ‘पत्ता ठेवायचा नसतो, सोडायचा असतो’ हे त्यांचं वाक्य. चौथा मजला चढवायची त्यांची एक खास पद्धत होती, ती मात्र त्यांनी मला कधी शिकवली नाही. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. आधी करंगळी, मग सगळा पंजा. दुकान बंद झालं. चहाचा कप काकू धरायच्या, शर्टाची बटणं काकू लावायच्या. स्पर्धेला काका पहिल्या रांगेत बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि माझा बंगला वर जाताना मान हलवून दाद द्यायचे. मला ते फार आवडायचं. दाद देणारा माणूस जाणकार असला आणि त्याच्याकडून धोका नसला, की त्याच्याविषयी मनात फार निर्मळ प्रेम असतं.

या वर्षी त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. मेंदूत एक बारीक तार बसवली आणि गळ्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या आत, आगपेटीएवढी बॅटरी. बॅटरी तारेतून विजेचे बारीक ठेके पाठवते आणि हात शांत होतात. ऑपरेशन चालू असताना काका जागे होते. डॉक्टरांनी त्यांना कागदावर गोगलगाईच्या पाठीसारखं वर्तुळ काढायला सांगितलं आणि तार थोडी इकडेतिकडे करता करता एका क्षणी ती रेघ एकदम साफ आली. काका ही गोष्ट भेटेल त्याला सांगतात. ‘माझ्या डोक्यात आता घड्याळ आहे,’ म्हणतात, ‘आणि पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणी दुरुस्त केलंय.’

मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी स्वतः चहा केला. कप काठोकाठ भरला, इतका की वर चहाची पाठ फुगलेली दिसत होती. मग तो बशीशिवाय उचलून स्वयंपाकघरातून माझ्यापर्यंत चालत आणला. एक थेंब सांडला नाही. मी कप हातात घेतला आणि माझ्या कुर्त्यावर सांडला. काकूंनी फडकं आणून दिलं. काका खळखळून हसले आणि म्हणाले, “काय काटेबाई, हात हलतो की तुमचा.”

मी खरोखर आनंदाने घरी आले. आनंद जिन्याच्या वळणापर्यंत टिकला. तिथे माझ्या लक्षात आलं की स्पर्धा तोंडावर आली आहे.

व्हायचं तेच झालं. माझ्या बंगल्याचा तिसरा मजला चढत होता तेव्हा त्यांच्या टेबलावरून टाळ्या ऐकू आल्या. काकू शेजारी उभ्या असताना त्यांनी चौथा मजला चढवला होता, आणि वर पाचव्याची सुरुवात म्हणून दोन पत्ते एकमेकांना टेकवून ठेवले होते, नुसते शोभेला. घंटा झाली. अध्यक्षांनी करंडक काकांच्या हातात दिला. काकांनी तो एका हाताने डोक्यावर धरला आणि हात जराही हलला नाही. सगळी इमारत उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यात माझी आई सर्वांत जोरात. घरी आल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं माझ्यासाठी असेल. ती म्हणाली, “किती छान वाटलं गं त्यांना बघून.” बाबा तर म्हणाले, करंडकाची जागा रिकामी झाली ते बरं झालं, तिथे आता इस्त्री ठेवता येईल.

पुढे कित्येक दिवस मी प्रयोगशाळेत काटे तपासत होते आणि डोक्यात ती तार होती. मेंदूच्या खोल भागात ती नेमकी कुठे जाते, ठेके किती वेगाने जातात, हे सगळं मी वाचून काढलं. कुतूहल हा माझा स्वभाव आहे. वाचता वाचता कुतूहलाचं रूपांतर एका साध्या प्रश्नात झालं: थरथरणारा हात त्या तारेने स्थिर होतो, तर मुळातच स्थिर असलेला हात तिने किती स्थिर होईल? मी काकांच्याच डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी विचारलं काय होतंय. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी हात पुढे करायला सांगितले, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, एका रेषेत चालायला लावलं. मी सगळं उत्तम केलं. ते म्हणाले तुम्ही ठणठणीत आहात. मी म्हटलं तीच तर अडचण आहे. मग मी त्यांना पत्त्यांच्या बंगल्याविषयी सविस्तर सांगितलं, घर्षणासकट. त्यांनी झोप नीट लागते का असं विचारलं.

“बिघडलेलं दुरुस्त करायला मी कवटीला भोक पाडतो,” ते शेवटी म्हणाले. “चांगलं आहे ते आणखी चांगलं करायला लागलो, तर उद्या दारात तुमच्यासारख्यांची रांग लागेल, आणि ज्यांना घास तोंडापर्यंत नेता येत नाही ते त्या रांगेत मागे उभे राहतील.” मग त्यांनी मला चहा कमी करायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

माझा मेंदू पुरेसा बिघडलेला नाही म्हणून मला बाहेर काढण्यात आलं होतं. असा अपमान माझ्या माहितीत तरी कुणाचा झालेला नाही. जी गोष्ट आपल्याला मिळू शकत नाही ती मुळात नैतिक आहे का, याचा विचार मी त्याच संध्याकाळी सुरू केला.

विचार पूर्ण होताच मी अध्यक्षांकडे तक्रार केली. आमचे अध्यक्ष सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. निवृत्तीनंतर त्यांना सर्वांत जास्त आठवण कशाची येत असेल तर ती ठरावांची. माझी तक्रार वाचून त्यांचा चेहरा उजळला. ‘मानवी क्षमतेत यंत्राने केलेली वाढ आणि स्पर्धेतील समान संधी’ हा विषय घेऊन त्यांनी खास सभा बोलावली. त्याच सभेत गच्चीची किल्लीही घेऊ म्हणाले, पण मी विरोध केला.

सभेत मी अतिशय मुद्देसूद बोलले. काकांविषयी मला आदरच आहे, असं सुरुवातीला सांगितलं. अशा वाक्यानंतर काय येतं हे सर्वांना माहीत असल्यामुळे सगळे सावरून बसले. मी म्हटलं, प्रश्न व्यक्तीचा नाही. उद्या कुणी बोटांत चुंबक बसवेल, कुणी लक्ष एकाग्र करणारी टोपी घालून येईल, कुणी बाळ जन्मायच्या आधीच त्याच्या पेशींत फेरफार करून बंगले बांधणारं बाळ जन्माला घालेल. आपण आज रेघ मारली नाही, तर नुसत्या जन्मजात हातांनी बांधणाऱ्यांनी काय करायचं?

दातांचे डॉक्टर पहिल्या मजल्यावर राहतात. ते म्हणाले रेघ सोपी आहे. माणसाला नेहमीच्या पातळीवर आणलं की उपचार, त्याच्यावर नेलं की वाढ. उपचार चालेल, वाढ चालणार नाही. सर्वांनी माना डोलावल्या. मग चिटणीसबाईंनी विचारलं की मग त्यांच्या कानातल्या यंत्राचं काय, कारण त्यातून त्यांना कधीकधी शेजारच्या घरातलंही ऐकू येतं, आणि हे नेहमीच्या पातळीवर म्हणता येणार नाही. शेजारच्या घरातले लोक एकदम गप्प झाले. कुणी म्हणालं, चष्मा. कुणी म्हणालं, नवा गुडघा बसवलेला माणूस बिनगुडघ्याच्या माणसापेक्षा जास्त वेळ टेबलाशी उभा राहू शकतो. कुणाला रक्तदाबाच्या गोळीने हात शांत राहतो असं आठवलं, आणि ती गोळी कुठली असं चौघांनी त्याला लगेच विचारलं. अध्यक्षांनी टेबल वाजवलं आणि मुख्य प्रश्न विचारला: नेहमीची पातळी म्हणजे कुणाची?

आता माझ्या कामात या प्रश्नाला उत्तर असतं. प्रमाण वजन असतं, काचेखाली. म्हणून मी सभेत उभी राहून शब्द दिला की मी या इमारतीची नेहमीची पातळी मोजून देते. इथेच माझं चुकलं, असं आता सगळे म्हणतात. पण पद्धत बरोबर होती हे मी अजूनही म्हणेन.

पद्धत अशी. हल्लीच्या फोनमध्ये हालचाल मोजण्याची सोय असते. प्रत्येकाने हात सरळ पुढे करून तळहातावर फोन धरायचा आणि तो किती थरथरतो ते मी मोजणार. सगळ्यांची सरासरी ही नेहमीची पातळी. काकांचा हात तिच्याहून स्थिर निघाला की प्रश्न मिटला.

मी दारोदार फिरले. लोकांनी सल्ले दिले, सरबत दिलं, आणि फोन धरताना मुद्दाम श्वास रोखला, कारण आपला हात शेजाऱ्यापेक्षा चांगला निघावा असं प्रत्येकाला वाटत होतं. दातांच्या डॉक्टरांनी तर मोजून झाल्यावर डाव्या हाताचंही घ्या म्हणून आग्रह धरला. काकांनी हसत हसत फोन धरला. काकू कणीक मळत होत्या. त्यांनी एक हात धुतला, पुढे केला, आणि दुसऱ्या हाताने मळणं चालूच ठेवलं.

आकडे घरी आणून मांडले तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. काकांचा हात सरासरीच्या आसपास होता. चांगला, पण दातांच्या डॉक्टरांच्या डाव्या हातापेक्षा वाईट. काकूंचं माप इतकं स्थिर आलं होतं की फोन टेबलावर ठेवलेला असावा असं समजून मी ते मोजमापातली चूक म्हणून काढून टाकलं. आणि सगळ्या इमारतीत सर्वांत जास्त थरथरणारा हात माझा होता.

मी तो परत मोजला. आणखी वाईट आला. काकांचा विचार करत मोजला तर फोन जवळजवळ वाजत होता.

आपण शास्त्राची माणसं. मी आकडे लपवले नाहीत. फक्त माझा आकडा अध्यक्षांना देताना नाव न घालता दिला. अध्यक्षांनी तो पुढच्या सभेत वाचून दाखवला आणि कळकळीने म्हणाले, हे जे कुणी असेल त्याने त्वरित उपचार घ्यावेत. आईने माझ्याकडे पाहिलं.

सरासरीवर काही ठरेना, तेव्हा अध्यक्षांनी कचेरीच्या अनुभवातून तोडगा काढला. कोणती मदत उपचार आणि कोणती वाढ हे बघायचंच नाही. फेरस्पर्धा घ्यायची आणि त्या वेळेपुरती सर्वांनी सर्व कृत्रिम मदत बंद करायची. जे शरीराबरोबर जन्मलं नाही ते चालणार नाही. मसुदा मीच लिहून दिला आणि ठराव एकमताने मंजूर झाला. चिटणीसबाईंनी यंत्र काढून ठेवलेलं असल्यामुळे त्यांना तो ऐकू आला नव्हता, पण त्यांनी हात वर केला.

काका सभेला नव्हते. त्यांना सांगायला मी खाली गेले. ते खिडकीशी बसून अध्यक्षांचं जुनं मनगटी घड्याळ उघडत होते. दुकान नाही, पण लोक आता पुन्हा घड्याळं आणून द्यायला लागले आहेत. मी ठराव सांगितला. डॉक्टरांना विचारून घ्या, असंही म्हटलं, कारण मी काही राक्षस नाही. काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

“थोडा वेळ बंद केलं तर काही होत नाही. बटण माझ्याकडेच असतं,” ते म्हणाले. मग घड्याळात फुंकर मारली. “फक्त एक सांग. माझे हात हलायला लागले आणि करंडक तुझ्याकडे गेला, तेव्हा तू तक्रार केली नव्हतीस ना गं?”

मी म्हटलं, ते नैसर्गिक होतं.

“हां,” काका म्हणाले, “तेवढंच विचारायचं होतं.”

काकू दारात उभ्या होत्या. चहा घेऊन जा असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मला जिन्यात जाणवलं.

इथवर सगळं माझ्या बाजूने चाललं होतं. पण फेरस्पर्धेची तयारी सुरू झाली आणि दातांच्या डॉक्टरांनी, बहुधा डाव्या हाताच्या यशाने धीर येऊन, अध्यक्षांना आठवण करून दिली की दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी जाड भिंगाचा चष्मा लावत होते. नंतर लेझरने डोळ्यांचा नंबर काढून घेतला. चष्म्याने मला सगळं नीट दिसत होतंच, म्हणजे आजार काही नव्हता. केवळ चष्मा नको आणि फोटो बरे यावेत म्हणून मी निरोगी डोळ्यांच्या बुबुळांवर किरण सोडून घेतले होते. इमारतीत शुद्ध वाढ म्हणावी अशी एकच केस सापडली, ती मी.

मी म्हटलं हे बंद करता येत नाही, बटण नाही. अध्यक्ष म्हणाले मग बंद केल्यासारखं करा. ठराव ठराव असतो. जो नंबर गेला त्याच्या उलटा चष्मा लावला की पूर्वीइतकंच अंधुक दिसेल, हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटतं? मीच. शास्त्रीय प्रश्न कुणी विचारला की मला उत्तर देण्यावाचून राहवत नाही.

चष्मेवाल्याने माझे डोळे तपासले आणि म्हणाला उत्तम आहेत. मी म्हटलं ते बिघडवणारा चष्मा हवा आहे. त्याने विचारलं कशासाठी. मी समान संधीसाठी असं सांगितलं. त्याने चष्मा करून दिला, पण डबीवर दुकानाचं नाव घालू का विचारल्यावर स्वतःच म्हणाला, नको.

फेरस्पर्धेच्या दिवशी हॉल भरून गेला होता. नियमाप्रमाणे सर्वांनी आपापली मदत दारात काढून ठेवली होती. नियम स्पर्धकांसाठी होता, पण अध्यक्षांनी तो प्रेक्षकांनाही लावला होता. चष्म्यांचा ढीग, कानातलं यंत्र, गुडघ्याचे पट्टे, काठ्या, वाट्यांमध्ये कुणाकुणाच्या कवळ्या. आपण कुणाशेजारी बसलो आहोत हे बऱ्याच जणांना कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं त्यांना ते बोलून दाखवता येत नव्हतं. स्वतः अध्यक्ष चष्म्याविना माझ्या बाबांना काका समजून शुभेच्छा देऊन गेले.

शेवटी दोनच टेबलं उरली. मी चष्मा लावला आणि जग धुक्यात गेलं. समोर काका नावाचा एक पांढरा आकार होता. त्याने खिशातून काहीतरी काढून छातीला टेकवलं. बारीकसा आवाज झाला.

मला त्यांचे हात दिसत नव्हते. पण थोड्या वेळात ऐकू यायला लागलं. टेबलावर पत्त्यांचा जुडगा वाजत होता, टक टक टक टक, एखाद्या घाईत असलेल्या घड्याळासारखा. मग पत्ते जमिनीवर पडले. कुणीतरी उचलून दिले. पुन्हा पडले.

मी माझ्या बंगल्याकडे बघायचा प्रयत्न केला. पहिला मजला बोटांनी चाचपून उभा केला होता, निदान तसं मला वाटत होतं. जिंकायला आता मला दुसरा मजलाही लागणार नव्हता. इतक्या सोप्या विजयाची मी वाट बघत होते, तो समोर आलाही होता, आणि माझे कान त्या टकटकीतून निघत नव्हते. मी चष्मा काढला. नियम मोडला हे मला कळत होतं. काकांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते आणि ते जणू त्यांचे नव्हतेच. करंगळी सर्वांत पुढे. काका माझ्याकडे बघत नव्हते. ते हातांकडे बघत होते, आधी पाहिलेल्या आणि परत आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू उठल्या. त्यांनी काही ठरवलं होतं असं वाटलं नाही. पदराला हात पुसले, काकांच्या खुर्चीमागे आल्या आणि त्यांचं मनगट खालून धरलं. कपाच्या वेळी धरायच्या तसं. टकटक थांबली. काकांनी पत्ता उचलला, सोडला. दुसरा सोडला. ते एकमेकांशी बोलत नव्हते. कधी थांबायचं, कधी वर न्यायचं, हे बहुधा त्यांच्यात फार पूर्वीच ठरलेलं होतं. पहिला मजला झाला. दुसरा झाला. मोजमापातली चूक म्हणून मी काढून टाकलेला तो आकडा माझ्यासमोर उभा होता आणि तिसरा मजला चढवत होता.

आणि माझ्या तोंडून निघालं, “हरकत आहे.”

मला काय म्हणायचं होतं ते वेगळं होतं. ‘बटण चालू करा, मी हरले’ असं काहीतरी. पण माणूस इतके दिवस एकाच गोष्टीची तयारी करतो तेव्हा ऐन वेळी तीच बाहेर पडते. अध्यक्षांनी विचारलं काय हरकत. पुष्कळ जणांनी एकदम त्यांना समजावून सांगितलं की काकूंनी मनगट धरलं आहे. अध्यक्षांनी ठराव डोळ्यांपासून अगदी जवळ धरून वाचला. जे शरीराबरोबर जन्मलं नाही ते चालणार नाही. ते म्हणाले, वहिनी, नियमाने तुम्हीसुद्धा कृत्रिम मदत ठरता. स्पर्धेपुरतं बंद व्हावं लागेल.

काकूंनी मनगट सोडलं नाही. पत्ता अजून काकांच्या बोटांत होता.

“बंद करायचं बटण असेल तर दाखवा,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मी शोधतेय, मला सापडलं नाही.”

हॉल हसला. कवळ्या नसलेली हॉलभर माणसं हसली की फार वेगळा आवाज होतो. त्याच हवेने माझा पहिला मजला पडला. त्यांचा चौथा चढला. चौथ्या मजल्याची ती पद्धत मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते: काका आडवा पत्ता एकदम ठेवत नाहीत, त्याची एक कड टेकवून थांबतात. तेवढ्यात काकूंनी श्वास सोडला आणि मगच काकांनी दुसरी कड सोडली. एकट्या माणसाला ही पद्धत शिकवून उपयोग नव्हता.

घंटा झाली. मी नियम मोडल्यामुळे बाद. काकूंचं काय करायचं, त्या उपचार की वाढ, यावर हॉलमध्ये खूप वेळ वाद झाला. दातांचे डॉक्टर म्हणाले लग्न हा उपचार नक्कीच नाही, आणि त्यांच्या बायकोने अंधुक दिसत असतानाही त्यांना बरोबर शोधून काढलं. शेवटी अध्यक्षांनी निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. तोवर करंडक खालच्या मजल्यावर.

मला हेवा वाटत नाही असं मी म्हणणार नाही. तो आधीपेक्षा वाढला आहे. तारेचा होता तोवर ठीक होतं. तारेविषयी वाचता येतं, डॉक्टरांची वेळ घेता येते, निदान नकार तरी मिळतो. आता जो आहे त्याच्यासाठी कुणाकडे जायचं ते मला माहीत नाही. आईला हे सांगितलं तर तिने लगेच कुठल्यातरी मुलाचा फोटो काढला, आणि चष्मा लागत नाही हे किती बरं झालं, असं म्हणाली.

माझी हरकत मी मागे घेतलेली नाही. ती सभेत येईल तेव्हा येईल. दरम्यान करंडकाची स्थिती पाहण्यासाठी मी अधूनमधून खाली जाते. त्यात काकू कपड्यांचे चिमटे ठेवतात. परवा गेले तेव्हा काकांची तार चालू होती. त्यांनी मला चिडवायला कप पुन्हा काठोकाठ भरला आणि चालत आणून पुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतला. माझा हात हलला, चहा कडेवर आला, आणि शेजारून जाता जाता, माझ्याकडे न बघता, काकूंनी माझ्या कोपराखाली हात ठेवला.

थेंबही सांडला नाही. ही कृत्रिम मदत होती, हे ठरावाचा मसुदा मीच लिहिलेला असल्यामुळे मला नक्की माहीत होतं. मी हरकत घेतली नाही.